रिटर म्हणजे शिलेदार, सरदार की आणखी कुणी?

अडीच_घरं (धागाकर्ती)

मंडळी, एका शब्दाने आमच्या घरात दोन आठवडे पिंगा घातलाय. म्हटलं इथल्या जाणकारांपुढे मांडावा.

आम्ही श्टुटगार्टजवळ राहतो. फेब्रुवारीत इथे फाशिंग नावाचा सण असतो. त्या दिवशी किंडरगार्टनमधली सगळी पोरं सोंगं घेऊन जातात. आमच्या सहा वर्षांच्या कन्येने परी, राजकन्या वगैरे साफ नाकारलं आणि जाहीर केलं, "मी रिटर होणार." पुठ्ठ्याचं शिरस्त्राण, पिठाच्या चाळणीवर ॲल्युमिनियम फॉइल लावून केलेली ढाल आणि काठीला घोड्याचं डोकं लावलेला घोडा. या काठीच्या घोड्याला इथे श्टेकनफेर्ड म्हणतात. छंद या अर्थानेही तोच शब्द वापरतात.

संध्याकाळी साताऱ्याला व्हिडिओ कॉल. बाबांनी नातीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं नि विचारलं, "हे काय झालीस गं?" ती म्हणाली, "रिटर." बाबा माझ्याकडे वळले, "म्हणजे?" मी पटकन म्हणून गेले, "नाइट हो बाबा, इंग्रजीतला. सरदार." बाबांचं पुढचं वाक्य, "सरदार म्हणजे फौजेचा म्होरक्या. हिची फौज कुठाय? शिलेदार म्हण." आणि तिथून वाद पेटला.

मग मी शोधाशोध केली. आतापर्यंत हाती लागलं ते असं:

इंग्रजी नाइट आणि जर्मन रिटर यांचा अर्थ आज एकच असला, तरी शब्द म्हणून त्यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. रिटर हा 'राइटन' म्हणजे घोड्यावर बसणे या क्रियापदाच्या घराण्यातला. म्हणजे मुळात नुसता 'स्वार'. इंग्रजी नाइटचं जर्मन भावंड आहे 'क्नेख्ट'. इंग्रजीत तो सुरुवातीचा क आणि मधला घशातला ख आता फक्त लिहिण्यापुरता उरलाय, जर्मनीत दोन्ही खणखणीत उच्चारतात. आणि क्नेख्ट म्हणजे काय? गडी! शेतावरचा, घरातला, हाताखालचा माणूस.

म्हणजे एकाच आईची दोन लेकरं. एक समुद्रापलीकडे जाऊन 'सर' झालं, दुसरं इथेच गोठा साफ करत राहिलं.

माझे प्रश्न दोन. नुसत्या स्वाराला एवढा मान कसा मिळाला? आणि मराठीत रिटरला काय म्हणावं?

चिंचोका

पहिला नंबर माझा! धागा भारी.

मला तर सरळ दिसतंय. रिटर = रथी. महारथी, अतिरथी, रिटर. सगळं आपल्याकडूनच गेलेलं आहे, पण मान्य कोण करणार?

मोडीवाचक

चिंचोका, आपला उत्साह समजू शकतो, परंतु ही व्युत्पत्ती टिकणारी नाही. 'रथ' शब्दाचा जर्मन आप्त आहे आणि तो रोज डोळ्यांसमोर असतो. 'राड', म्हणजे चाक. सायकललाही ते राडच म्हणतात. लॅटिनमधील 'रोटा' हाही त्याच कुळातला. रिटरचे मूळ वेगळे आहे. 'जाणे, प्रवास करणे' अशा अर्थाचा एक जुना धातू जर्मानिक आणि केल्टिक भाषांत उतरला. इंग्रजीतील राइड, रोड आणि रेड (धाड या अर्थी) हे सारे त्याच धातूचे.

गंमत अशी की घोड्यासाठीचा जर्मन शब्द 'फेर्ड' हाही फिरून त्याच धातूपाशी पोहोचतो. तो मूळचा जर्मन नव्हेच. गॉल प्रांतातील (आजच्या फ्रान्सच्या बाजूच्या) केल्टिक लोकांचा शब्द रोमनांनी उचलला, त्याला ग्रीक उपसर्ग जोडून 'पाराव्हेरेडस' केला. अर्थ, आडवाटेवरील टपालासाठी ठेवलेला जादा घोडा. तोच झिजत झिजत 'फेर्ड' झाला. तेव्हा स्वार आणि त्याच्या खालचा घोडा हे दूरचे नातलग निघतात.

चिंचोका

म्हणजे रथी नाही पण सायकलवाला चालेल. ठीक आहे, मागे घेतो. :)

नेकरकाठचा

मी हायडेलबर्गला जर्मन भाषेच्या इतिहासाचा अभ्यास करतो, म्हणून थोडी भर घालतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर शब्दाच्या अंगातच आहे.

जर्मनमध्ये दोन शब्द आहेत. राइटर आणि रिटर. दोन्ही एकाच क्रियापदातून आलेले. राइटर म्हणजे आजही कोणीही घोड्यावर बसलेला माणूस. रविवारी तासाचे पैसे भरून रपेट मारणारा आयटीवालासुद्धा राइटर. रिटर मात्र चिलखतवाला, मानाचा. एका धातूतून दोन शब्द का निघावेत?

तर बाराव्या शतकात सगळी दरबारी फॅशन फ्रान्सकडून येत होती. कपडे, प्रेमगीतं, द्वंद्वाचे खेळ, सगळं. फ्रेंच शब्द होता 'शव्हालिए', घोडेवाला. जर्मनांच्या आधी हे वारं लागलं फ्लँडर्सच्या लोकांना, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या बाजूला. त्यांनी शव्हालिएचं शब्दशः भाषांतर केलं, 'रिडरे'. तो शब्द जर्मनांनी उचलला आणि 'रिटर' केला. म्हणजे स्वाराला घरचा शब्द असताना, त्याच मुळाचा शब्द शेजाऱ्याकडून इस्त्री करून आणला. मान त्या इस्त्रीचा आहे.

हे एकट्या रिटरचं नाही. हत्याराला जर्मनमध्ये 'वाफं' म्हणतात. पण ढालीवरच्या कुलचिन्हाला 'वापन'. शब्द एकच. घरच्या उच्चारात प चा फ झालेला आहे, तर फ्लँडर्सकडून आलेल्यात प तसाच राहिलाय. लढायचं ते घरचं, मिरवायचं ते बाहेरचं.

आणि सगळ्यात मजेशीर म्हणजे 'ट्योल्पेल'. त्याच वाटेने आलेला शब्द. मुळात 'डोर्पेरे', म्हणजे खेडवळ, ज्याला दरबारी रीतभात नाही असा. आज अर्थ, धांदरट, बावळट. एका समुद्रपक्ष्यालाही हेच नाव आहे, कारण तो जमिनीवर फेंगडा चालतो.

पोहेप्रेमी

म्हणजे रिटरच्या विरुद्धार्थी शब्द 'गावंढळ'. पुण्यात असतो तर पेठेतला आणि पेठेबाहेरचा.

अडीच_घरं

पोहेप्रेमी, पेठांवर घसरू नका, धागा वाहून जाईल.

@नेकरकाठचा, इस्त्रीची उपमा आवडली. पण मग फ्रेंच शव्हालिएला तरी मान कुठून आला? तोही घोडेवालाच ना?

नेकरकाठचा

आणि घोडाही कसला! लॅटिनमध्ये चांगल्या घोड्याला 'एक्वुस' म्हणत. 'काबाल्लुस' म्हणजे ओझ्याचं तट्टू. शव्हालिए, स्पॅनिश काबायेरो, इटालियन काव्हालिएरे, हे सगळे तट्टूवाले. शब्दाची खानदान बघायला गेलं तर युरोपातल्या बड्या बड्या उमरावांची पंचाईत होईल.

मान आला तो खर्चातून. लढाईचा घोडा, जादा घोडा, चिलखत, भाला, तलवार आणि हे सगळं सांभाळणारी दोन-तीन माणसं. एवढं पदरी बाळगायला जमीन लागायची, नाहीतर जमीन देणारा धनी तरी. म्हणजे घोड्यावर बसणं हे हळूहळू कामाचं नाव न राहता ऐपतीचं नाव झालं.

पण जर्मनीत यातही एक मेख आहे. इथले पुष्कळसे रिटर कायद्याने स्वतंत्रच नव्हते! त्यांना 'डीन्स्टमान' म्हणत, लॅटिन कागदांत 'मिनिस्टेरियालिस'. सेवेला बांधलेली माणसं. घोडा, तलवार, प्रसंगी किल्ल्याचा कारभारही हातात, पण लग्न करायचं किंवा जमीन दुसऱ्याला द्यायची तर धन्याची परवानगी हवी. हार्टमान फॉन आउअ हा त्या काळचा मोठा कवी. बाराव्या शतकाच्या अखेरीस रचलेल्या एका काव्याच्या आरंभी तो स्वतःची ओळख करून देतो. एक रिटर होता, इतका शिकलेला की पुस्तकात लिहिलेलं वाचता येई. आणि लगेच पुढे, तो आउअचा डीन्स्टमान होता. दोन्ही बिरुदं एका दमात, आणि दोन्हींत त्याला विसंगती दिसत नाही. वाचता येणं ही सांगण्यासारखी गोष्ट होती, हेही त्यातच आलं.

सुमन_आजी

मग हे म्हणजे गडीच झाले की रे बाबांनो. घोड्यावर बसलेले गडी.

नेकरकाठचा

आजी, एका ओळीत सांगितलंत! इंग्रजांनी गड्याला घोडा दिला आणि नाव गडीच ठेवलं. जर्मनांनी गड्याला घोडा दिला आणि नाव बदलून स्वार केलं. माणूस बहुतेक तोच.

अडीच_घरं

आजी, तुमच्यामुळे आणखी एक सुचलं. जुन्या इंग्रजीत नाइटचा आधीचा अर्थ 'पोरगा', मग 'नोकर', मग 'योद्धा' असा सरकत गेलाय. आपल्याकडे पहिले दोन टप्पे जसेच्या तसे आहेत. हॉटेलातला पोऱ्या! आणि 'गडी' तर काय, घरगडी पण गडीच, कबड्डीतला पण गडीच, आणि "गडी लई रांगडा" म्हणतो तेव्हा त्यात कौतुकच असतं. आपला गडी अजून वाटेत आहे, सर व्हायचा राहिलाय इतकंच.

मोडीवाचक

क्नेख्टच्या बाबतीत एक दुरुस्ती. तो अगदीच गोठ्यात राहिला असे नव्हे. मध्ययुगीन जर्मनमध्ये 'एडलक्नेख्ट' म्हणजे खानदानी घरातील, अद्याप रिटर न झालेला तरुण. आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस जर्मन राजा माक्सिमिलियनच्या काळात जे भाडोत्री पायदळ उभे राहिले ते 'लान्ड्सक्नेख्ट'. अठरा-अठरा फुटांच्या भाल्यांचे रान उभे करून लढणारे. घोड्यावरच्या रिटरचे दिवस भरण्यास जी कारणे झाली त्यांपैकी हे एक. म्हणजे धाकट्याने थोरल्याला खाली उतरवले, असे म्हणावयास हरकत नाही.

मिरजकर_इन_म्युनिक

६ डिसेंबरला संत निकोलाउस पोरांना खाऊ वाटायला येतो, त्याच्या मागे पोतं नि छडी घेऊन एक काळपट सोबती असतो. त्याचं नाव क्नेख्ट रुप्रेख्ट. वात्रट पोरांना धाक दाखवायचं काम त्याच्याकडे. आणि बूट काढायला टाच अडकवायची जी लाकडी खाच असते, ती श्टीफेलक्नेख्ट. बुटाचा गडी!

चिंचोका

थांबा थांबा. नाइट म्हणजे क्नेख्ट, रायडर म्हणजे राइटर. मग कोलकाता नाइट रायडर्स म्हणजे...

कोलकात्याचे घोडेस्वार गडी???

पोहेप्रेमी

=)) =)) वारलो.

घाटावरचा

हसून झालं असेल तर याच कोलकात्याची दुसरी बाजू सांगतो.

धागाकर्तीच्या बाबांनी शिलेदार म्हटलं ते नीट बघू. आपल्याकडे स्वार दोन प्रकारचे. स्वतःचा घोडा नि हत्यार घेऊन चाकरीला येणारा शिलेदार. आणि ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळतो तो बारगीर. दोन्ही शब्द फारसी वळणाचे. शिलेदार म्हणजे सिलाहदार, हत्यार बाळगणारा. बारगीर म्हणजे ओझं वाहणारा. बघा, इथेही ते लॅटिन तट्टूच!

आता १७४० च्या दशकात नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर गेल्या. बंगालचा नवाब अलीवर्दीखान याच्याशी जवळजवळ दहा वर्षं झुंज चालली, १७५१ मध्ये तह झाला. त्या फौजेतला बारगीर बंगाली तोंडात 'बर्गी' झाला. आणि बंगालीत बर्गी म्हणजे काय? लुटारू. आया पोरांना झोपवताना ज्याची भीती घालतात तो. आपल्या दप्तरात जो पगारी स्वार, तो त्यांच्या अंगाईगीतात दरोडेखोर. बंगाली मित्राच्या घरी जेवायला बसलो असताना त्याच्या आईने मला हे हसत हसत ऐकवलं होतं. हातातला घास हातातच राहिला.

म्हणून विचारतो, जर्मनांच्या या रिटरला लुटले गेलेले लोक काय म्हणत?

नेकरकाठचा

घाटावरचा, नेमकं बोट ठेवलंत. जर्मनमध्ये शब्दच आहे, 'राउबरिटर'. लुटारू रिटर.

चौदाव्या-पंधराव्या शतकात शहरं आणि व्यापारी गबर झाले, जमिनीच्या उत्पन्नावर जगणारे छोटे रिटर खंक झाले. मग कुणाशी तरी भांडण उकरून काढायचं, रीतसर 'फेडं' जाहीर करायचं, म्हणजे वैराचं पत्र पाठवायचं, आणि त्या शहराच्या व्यापाऱ्यांचे तांडे अडवायचे. त्यांच्या लेखी तो दरोडा नव्हता, हक्काची वसुली होती. १४९५ मध्ये वोर्म्सला भरलेल्या सभेने अशी खासगी वैरं कायमची बंद केली. कागदावर.

कागदावर म्हणण्याचं कारण गोट्स फॉन बर्लिशिंगन. १५०४ मध्ये लांड्सहूटच्या लढाईत त्याचा हात तोफेने गेला. त्याने लोखंडी हात करून घेतला आणि बंदीला न जुमानता पुढची कित्येक वर्षं न्यूर्नबर्गच्या व्यापाऱ्यांपासून अनेकांना पिडलं. वारला १५६२ मध्ये, म्हातारा होऊन, आपल्या गडावर. तो हात याग्स्टहाउझनच्या गढीत ठेवलेला आहे, मी जाऊन पाहिलाय. बोटं एकेक वळवून खटक्याने अडकवता येतील अशी घडण आहे. काचेपलीकडे तो पंजा अर्धवट मिटलेला असतो, लगाम धरल्यासारखा. जर्मन महाकवी गटेने १७७३ मध्ये याच माणसावर नाटक लिहिलं आणि त्यातलं एक वाक्य अख्ख्या जर्मनीत शिवी म्हणून अजरामर झालं. इथे लिहीत नाही, संपादक धागा उडवतील.

पण राउबरिटर हा शब्द त्या काळात रुळलेला नव्हता. तो प्रचारात आला अठराव्या शतकाच्या अखेरीस, रिटर इतिहासजमा झाल्यावर. म्हणजे शिवी देणाऱ्यांनी तीनशे वर्षं उशीर केला. बंगाली आया जास्त तत्पर.

मिरजकर_इन_म्युनिक

या शब्दाचा पुढचा प्रवास मी सांगतो. ऑस्ट्रियात रिटर ही पदवी झाली, फ्रायहेरच्या खाली आणि एडलरच्या वर. 'अमुक रिटर फॉन तमुक' असं नाव. घोडा कधी जवळून पाहिला नसेल असे बँकवाले आणि सरकारी अंमलदार रिटर झाले. १९१९ मध्ये ऑस्ट्रियाने कायदा करून असल्या सगळ्या पदव्या आणि नावातलं 'फॉन'सुद्धा काढून टाकलं. जर्मनीने त्याच वर्षी वेगळी तोड काढली. पदवी रद्द, पण ती आडनावाचा भाग म्हणून राहू द्या. त्यामुळे इथे टपालपेटीवर 'रिटर फॉन' लिहिलेलं अजून दिसू शकतं.

सोलापुरी_चादर

आणि ते रिटर श्पोर्ट चॉकलेट? चौकोनी? त्याचा या घोडेवाल्यांशी काही संबंध?

अडीच_घरं

हे माझ्या अंगणातलं! कारखाना वाल्डनबूखला, आमच्यापासून अर्ध्या तासावर. संबंध फक्त आडनावापुरता. आल्फ्रेड आणि क्लारा रिटर या नवराबायकोने १९१२ मध्ये धंदा सुरू केला. चौकोनी आकार १९३२ चा, कल्पना क्लाराबाईंची. खेळ बघायला जाताना जाकिटाच्या खिशात मावावं आणि मोडू नये म्हणून. म्हणून 'श्पोर्ट'. रिटर हे आडनाव इथे आपल्या सरनाईक-सरदेसाईंसारखं सर्रास आढळतं.

सुमन_आजी

खाण्यावरून आठवलं. मी लेकीकडे फ्रँकफर्टला होते तेव्हा शेजारीण एक पदार्थ करायची. शिळ्या पावाचे काप दूध-अंड्यात बुडवून लोण्यावर परतायचे, वर साखर आणि दालचिनी. नाव काय तर 'आर्मं रिटर'. गरीब रिटर! मी म्हटलं, अगं हे तर आमच्याकडे पोरांच्या मधल्या वेळचं. तिने विचारलं, तुमच्याकडे याला काय म्हणतात? मी म्हटलं, काही नाही, पाव संपवणं म्हणतात.

मोडीवाचक

आजी, हेच नाव स्वीडिश आणि फिन्निश भाषांतही आहे. शब्दही सर्वदूर पसरला. फिन्निशमध्ये 'रितारी', पोलिशमध्ये 'रित्सेश', आणि पोलिशकडून रशियनमध्ये 'रीत्सर'. यांपैकी कोणत्याही भाषेत घोड्यावर बसण्याच्या क्रियापदाशी त्याचा काही संबंध नाही. शब्द घोड्यावरून उतरून पायी सीमा ओलांडून गेला. हंगेरियनांनी मात्र हुशारी केली. त्यांनी स्वतःच्या 'लो' म्हणजे घोडा या शब्दापासून 'लोवाग' घडवला.

आता धागाकर्तीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. 'घोडेस्वार' हा शब्द सुचवला जाईल म्हणून आधीच सांगतो. 'स्वार' हा फारसी 'सवार', आणि तो प्राचीन इराणी 'असबार' याचा झिजलेला अवतार. अस म्हणजे अश्व, बार म्हणजे आपल्या 'भार'चा भाऊ. घोड्याने वाहिलेला, तो स्वार. म्हणजे 'घोडेस्वार' या शब्दात घोडे दोन आहेत, आणि तरी कुणाची तक्रार नाही.

माझी सूचना, 'राऊत'. जुन्या मराठीत राऊत म्हणजे घोड्यावरचा लढवय्या. मूळ संस्कृत 'राजपुत्र'. काम स्वाराचे, रुबाब कुळाचा, आणि आज केवळ आडनाव होऊन उरलेला. रिटरची कुंडली याहून अधिक कोणत्या शब्दाशी जुळेल?

चिंचोका

राऊतला +१. आमच्या वर्गात दोन राऊत होते, दोघंही रिक्षातून यायचे.

घाटावरचा

राऊत शब्द सुंदर आहे, पण आज वाचणाऱ्याला आडनावच दिसणार. 'तो राऊत भाला सरसावून पुढे आला' वाचलं की मला तरी आमचे तलाठी आठवतील. माझं मत शिलेदार. स्वतःचा घोडा, स्वतःचं हत्यार, वर धनी. मूठभर जमिनीवरच्या जर्मन रिटरचं हेच वर्णन आहे. सरदार नको, तो फार वरचा.

नेकरकाठचा

भाषांतरात मी 'रिटर'च ठेवतो आणि पहिल्यांदा येतो तिथे शिलेदार म्हणून समजावतो. फक्त डीन्स्टमान असेल तर अडतं. त्याचा घोडा, जमीन सगळं शेवटी धन्याचं. तिथे शिलेदार खोटा पडतो.

बाकी, धागाकर्तीचं नाव बघून एक प्रश्न. बुद्धिबळात जर्मन लोक अडीच घरं जाणाऱ्याला रिटर म्हणत नाहीत हे ठाऊक आहे ना? 'श्प्रिंगर' म्हणतात, उडी मारणारा. इंग्रजांनी तिथेही गडीच बसवलाय, आणि आपण सरळ घोडा म्हणून मोकळे.

अडीच_घरं

ठाऊक आहे, लेकीकडून रोज हरते ना.

सगळ्यांचे आभार. काल रविवारी पुन्हा साताऱ्याला कॉल झाला. अख्खा धागा बाबांना वाचून दाखवला. बर्गी ऐकून ते जरा गप्प झाले, नाइट रायडर्सला मात्र ठसका लागेपर्यंत हसले. मग चष्मा पुसून निकाल दिला, "सांगितलं होतं ना, शिलेदारच. स्वतःचा घोडा, स्वतःची ढाल."

कन्या बाजूला पाव संपवत बसली होती. तिने मान वर केली. "पण आबा, घोडा माझा नाहीये. वरच्या मजल्यावरच्या लुकासचा आहे. उद्या परत द्यायचाय."

बाबांनी क्षणभर विचार केला. "मग तू बारगीर."